ब्राउन काउंटी की टर्की रन? आई-बाबांसोबत केबिनला जाताना

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबसमध्ये कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याची बरीच कुटुंबं आहेत. आई-बाबा तिकडून आले की शनिवार-रविवार जंगलातल्या केबिनमध्ये काढायचं ठरतं आणि ही दोन स्टेट पार्कं समोर येतात. माझं मत स्पष्ट आहे: सोबत कुणाचे गुडघे दुखत असतील तर ब्राउन काउंटी, नुसती तरुण मंडळी असतील तर टर्की रन.

ब्राउन काउंटी कोलंबसहून जेमतेम अर्ध्या तासावर. रस्ता डोंगरमाथ्यावरून जातो, त्यामुळे गाडी थांबवली की काही पावलांवरच दऱ्यांचा देखावा दिसतो. चढउतार न करता आई-बाबांना एवढं जंगल दुसरीकडे क्वचितच दिसेल. फॅमिली केबिनमध्ये स्वयंपाकघर असतं. पहाटे पाचला उठून आल्याचा चहा लागणाऱ्या माणसांसाठी ही मोठीच सोय आहे; रात्री मुगाची खिचडी टाकली की जेवणाची काळजी मिटते. पार्कच्या लॉजमध्ये नातवंडांसाठी छताखालचा जलतरण तलावही आहे.

पार्कच्या दारातच नॅशविल हे छोटंसं गाव. चित्रकार टी. सी. स्टील 1907 साली या परिसरात राहायला आले, मागोमाग इतर चित्रकार आले, आणि गावाची ती ओळख आजही टिकून आहे. दालनं, दुकानं सगळी पायी फिरण्याजोगी. ऑक्टोबरच्या पानगळीत मात्र गाड्यांची रांग हलत नाही. तेव्हा सुट्टी काढून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

टर्की रनला कोलंबसहून सुमारे दोन तास लागतात. इथलं वैभव म्हणजे वालुकाश्मातल्या अरुंद घळी. शुगर क्रीकवरचा झुलता पूल ओलांडला की खरी भटकंती सुरू होते. तीन नंबरच्या वाटेवर ओढ्यातून चालावं लागतं आणि लाकडी शिड्या चढाव्या-उतराव्या लागतात. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना मनापासून आवडेल अशी वाट. आई-बाबांना मात्र पुलापाशीच बसून राहावं लागेल, आणि मला ते पटत नाही. इथल्या केबिन मुख्यतः झोपण्यापुरत्या, जेवायला पार्कातल्या इनमध्ये, म्हणजे हॉटेलात, जायचं. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा.

आसपासची गावं इथे विखुरलेली आहेत. रॉकव्हिल, ब्रिजटन आणि पार्क (Parke) नावाच्या काउंटीतले छप्पर असलेले 31 लाकडी पूल गाडीनेच पाहायचे. ऑक्टोबरात त्या पुलांचा दहा दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. मे महिना बरा, फक्त आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर घळीतल्या वाटा उघड्या आहेत का, हे पार्कच्या कार्यालयात विचारूनच निघा.