फ्रोजन की ‘फ्रेश’ सॅमन: सात महिने दोन्ही वापरल्यानंतर

मुंबई-पुण्यात सॅमन दोन रूपांत मिळतो: काउंटरवर बर्फात मांडलेला, ‘फ्रेश नॉर्वेजियन’ अशी पाटी मिरवणारा, आणि फ्रीजरमधला व्हॅक्यूम पॅक. सात महिने दोन्ही आलटूनपालटून शिजवल्यावर कौल फ्रोजनच्या बाजूने आहे. मात्र पाकीट नीट बघून घेतलं आणि घाई न करता वितळवलं तरच.

आधी नावाचा घोळ. ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो विकतात तो रावस. मासा झकास, पण सॅमनच्या कुळातला नाही आणि तितका चरबीदारही नाही. पाकिटावर ‘साल्मो सालार’ असेल तर तो अटलांटिक सॅमन, म्हणजे व्यवहारात नॉर्वे, चिली किंवा स्कॉटलंडचा, पिंजऱ्यात वाढवलेला. सॉकाय, चम, पिंक हे पॅसिफिकातले. अलास्कात माशांची पिंजऱ्यातली शेती कायद्याने बंद आहे आणि पकडण्याचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे डिसेंबरात दिसणारा अलास्काचा सॉकाय गोठवलेलाच असणार. तो कमी चरबीचा असल्याने तव्यावर अर्धा मिनिट जास्त राहिला तरी कोरडा पडतो.

‘फ्रेश’ म्हणजे कधीच न गोठवलेला, एवढाच अर्थ. कारखान्यातून निघून विमान, कस्टम्स, वितरक, काउंटर असा प्रवास करताना त्याचे काही दिवस गेलेलेच असतात. सतत शून्य अंशाला बर्फात राहिला तर सॅमन साधारण दोन आठवडे चांगला टिकतो, म्हणजे नुसत्या दिवसांनी बिघडत नाही. बिघडतो तो मधे कुठेतरी पेटी उन्हात थांबली की, किंवा काउंटरवर फक्त खाली बर्फ आणि वर उघडी हवा असली की. म्हणून दुकानदाराला ‘आज आलाय का’ विचारून उपयोग नाही. थर्माकोलच्या पेटीवरचं लेबल दाखवायला सांगा. त्यावर पॅकिंगची किंवा मासा मारल्याची तारीख असते. लेबल दाखवायला टाळाटाळ झाली तर कोळंबी घेऊन घरी यावं.

गोठवलेला मासा वितळवून ‘फ्रेश’च्या भावात विकणं हीही नवलाई नाही. अख्ख्या माशाचा डोळा पांढुरका झालेला असेल, तुकडीखाली गुलाबी पाणी साचलं असेल, मांसाच्या पाकळ्या सुटून फटी पडल्या असतील, बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर संशय घ्यावा. रंगावर जाऊ नका. शेतीतल्या सॅमनचा केशरी रंग खाद्यात घातलेल्या अ‍ॅस्टाझॅन्थिन या रंगद्रव्यामुळे येतो. त्यावरून ताजेपणा कळत नाही.

आता पैशाचं. फ्रोजन तुकड्यांवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, त्याला ग्लेझ म्हणतात. थर हवाच, त्याने मासा सुकत नाही. पण वजन त्याच्यासकट धरलं असेल तर आपण बर्फ विकत घेतो. समजा १ किलोचं पाकीट १,८०० रुपयांना आहे आणि ग्लेझ धुऊन, पुसून ८५० ग्रॅम मासा भरला, तर खरा भाव सुमारे २,१२० रुपये किलो. एकदा वजनकाट्यावर हे करून बघा, ब्रँड आपोआप ठरतो. घटकांमध्ये सॅमनशिवाय पॉलिफॉस्फेट किंवा ई-४५१ लिहिलं असेल तर ते पाणी धरून ठेवण्यासाठी, असं पाकीट नको. अख्खा ताजा मासा घेताना उलटा हिशोब लागतो. पोट साफ केलेल्या, डोक्यासकट माशातून सालीसह फिले (मधल्या काट्यावरून कापून काढलेली मांसाची सलग पट्टी) साधारण ६०-६५ टक्के निघतात. किलोला १,५०० रुपये मोजले तर फिले २,४०० च्या आसपास पडतं. डोकं आणि मधला काटा कालवणाला वापरणार असाल तरच हा सौदा पटतो. शिवाय फिलेमधले बारीक काटे चिमट्याने, डोक्याच्या दिशेने तिरपे ओढून काढावे लागतात. सरळ वर ओढले की मांस फाटतं. बऱ्याच फ्रोजन पाकिटांत हे काम आधीच झालेलं असतं.

फ्रोजनला नावं ठेवली जातात त्यातली निम्मी वितळवण्याच्या चुकीमुळे. रीत अशी: आदल्या रात्री पाकीट कापून उघडायचं, तुकड्या जाळीवर, जाळी ताटलीवर, वर झाकण, आणि हे सगळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. १५०-२०० ग्रॅमच्या तुकडीला ८ ते १२ तास लागतात. पाकीट उघडायचं कारण चवीचं नाही. हवाबंद पाकिटात, फ्रीजच्या तापमानालाही, बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. घाई असेल तर तुकडी घट्ट पिशवीत बंद करून गार पाण्यात ३०-४५ मिनिटं बुडवा आणि शिजवायला लगेच घ्या. मुंबईच्या नळाचं पाणी मे महिन्यात गार नसतं, त्यात बर्फाचे खडे टाकायला हवेत. ओट्यावर उघडं ठेवलं तर कडा कोमट होतात, मधे दगड राहतो, आणि तव्यावर शेपटाकडचा भाग कोरडा तर मधला कच्चा.

शिजवताना वर येणारा पांढरा साका म्हणजे माशातलं प्रथिन, खराबी नव्हे. १ लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडी १० मिनिटं ठेवली की तो बराच कमी होतो. मग कोरडी पुसायची, अगदी टिपकागदाने दाबून. मध्यम आचेवर साल खाली ठेवून ५-६ मिनिटं, उलटून १ मिनिट. या पद्धतीने शिजवलेला, उगमाशीच गोठवलेला नॉर्वेजियन आणि काउंटरवरचा ‘फ्रेश’ यांत फरक उरतो तो जेमतेम सालीच्या कुरकुरीतपणात आणि पाकळीच्या घट्टपणात. तिथे ताजा सरस आहे, हे कबूल. पण लाल तिखट, आमसूल घातलेल्या कालवणात तर ताज्यावर खर्च करणं म्हणजे पैसा पाण्यात. तसंही कालवणाला सॅमन फारसा मानवत नाही, त्याची चरबी वर तरंगते. सुरमई बरी.

साठवणीत मात्र फ्रोजन फसवतो. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये तापमान सारखं वरखाली होतं, बारीक स्फटिक मोठे होत जातात आणि मांसातून पाणी सुटतं. चरबीदार मासा असल्याने खवट वासही लवकर धरतो. दोन महिन्यांपर्यंत ठीक, तिसऱ्यात पातळ कडा पिवळट दिसू लागतात. उघडलेलं पाकीट त्याआधीच संपवावं. ताजी तुकडी घरी गोठवणं सगळ्यात वाईट. घरचा फ्रीजर ती इतकी सावकाश गोठवतो की वितळल्यावर लगदा होतो.

कच्चा खायचा असेल तर ‘सुशी ग्रेड’ या शब्दावर विसंबू नका, तो विक्रेत्याचा शब्द आहे. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या निकषाप्रमाणे कृमी मरायला उणे २० अंशाला ७ दिवस किंवा उणे ३५ अंशाला १५ तास लागतात. घरचा उणे १८ चा फ्रीजर त्यात बसत नाही. समुद्रातून पकडलेला सॅमन तर कारखान्यात असा गोठवलेला असल्याशिवाय कच्चा खाऊच नये.