एचएमआय-पीएलसीची चाचणी: लॅपटॉपवर, टेबलावर की थेट पॅनलमध्ये?

पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि एचएमआय (त्याचा टचस्क्रीन) असलेलं, वाळूजला तयार झालेलं पॅनल लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा परभणीच्या जिनिंगमध्ये बसणार असेल, तर चाचणी कुठे घ्यायची हे गाडी भरण्याआधी ठरवावं. सिम्युलेशन (लॅपटॉपवरच प्रोग्रॅम चालवून पाहणं), टेबलावरची जोडणी आणि साइटवरचं पॅनल, तिन्हीकडे वेगळ्या चुका सापडतात.

सिम्युलेशनला वेगळं हार्डवेअर लागत नाही. स्क्रीन, पासवर्ड, अलार्मचा मजकूर तिथेच तपासून घ्या. पण लॅपटॉपवर नीट दिसणारी मराठी जोडाक्षरं काही एचएमआयवर तुटतात, आणि कम्युनिकेशन प्रत्यक्ष जुळेल की नाही हे तर मुळीच कळत नाही.

पैसा वसूल होतो तो टेबलावर. २४ व्होल्ट डीसीचा ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), खरा पीएलसी, खरा एचएमआय, इनपुटला टॉगल स्विच, आउटपुटला कॉन्टॅक्टरऐवजी (मोटरला वीज देणारा स्विच) २४ व्होल्टचे इंडिकेटर, शिवाय लूप कॅलिब्रेटर (सेन्सरऐवजी मिलिअँपिअर देणारं उपकरण). हलणारं काहीच जोडायचं नाही. इथरनेट असेल तर पीएलसी १९२.१६८.०.१, एचएमआय १९२.१६८.०.२ आणि दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. मॉडबस आरटीयू (सिरियल केबलवरचा प्रोटोकॉल) असेल तर बॉड रेट (वेग), पॅरिटी आणि स्टेशन नंबर जुळवा. शेजारच्याच रजिस्टरची व्हॅल्यू दिसत असेल तर पत्ता एकाने सरकलाय: ४०००१ म्हणजे प्रोटोकॉलमधला ०. दशांशाच्या जागी भलताच आकडा आला, तर बहुधा ३२ बिटच्या आकड्यातले दोन वर्ड (१६-१६ बिटचे भाग) उलटे आहेत. ४–२० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये १२ मिलिअँपिअर दिल्यावर ०–१० बारच्या स्केलवर ५ दिसलंच पाहिजे.

आता खरी परीक्षा. स्क्रीनवरचं जॉग बटण (दाबून धरेपर्यंतच मोटर फिरवणारं) दाबून ठेवा आणि कम्युनिकेशनची केबल उपसा. बोट उचललं तरी इंडिकेटर पेटलेलाच राहिला, तर साइटवर मोटर अशीच फिरत राहील, कारण बटण सोडल्यावर जाणारा शून्य पीएलसीपर्यंत पोचलाच नाही. उपाय: एचएमआयकडून दर सेकंदाला ०-१ असा बदलणारा बिट घ्या, २–३ सेकंद तो बदलला नाही तर पीएलसीने जॉग बंद करावा. जॉग धोक्याचा असेल तर मात्र थेट वायरने जोडलेलं पुश बटणच हवं. लाइट जाऊन आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही ना आणि सेटिंग टिकते ना, हेही सप्लाय बंद-चालू करून पाहा.

वायरिंग आणि सेन्सरच्या चुका मात्र पॅनलमध्येच दिसतात, म्हणून हा टप्पा टाळता येत नाही. मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, मग मल्टिमीटरने फेज-फेज आणि फेज-अर्थ शून्य आहे याची खात्री. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर आतला चार्ज उतरायला पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. त्यानंतर फक्त कंट्रोल सप्लाय. इथे हमखास घोळ होतो: मोटरचे एमपीसीबी (संरक्षक ब्रेकर) बंद ठेवले की त्यांचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (ब्रेकरची स्थिती पीएलसीला कळवणारा छोटा स्विच) ट्रिप दाखवतो आणि पीएलसी काही सुरूच होऊ देत नाही. मग लोक इनपुट फोर्स करतात (सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने चालू दाखवतात) आणि तो तसाच राहून जातो. त्यापेक्षा मेन बंद, एमपीसीबी चालू. कॉन्टॅक्टर नुसता खटकेल, मोटर फिरणार नाही. कंट्रोल सप्लाय मेन आयसोलेटरच्या नंतरून घेतला असेल तर तो तात्पुरता वेगळा द्या. इमर्जन्सी बटणाने पीएलसीला न विचारता कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय तुटलाच पाहिजे. स्क्रीनवरचं लाल बटण त्यात धरू नका.

नुसती स्क्रीनची मांडणी बदलायची असेल तर सिम्युलेशन पुरे. एचएमआय एका कंपनीचा नि पीएलसी दुसऱ्या कंपनीचा असेल, किंवा गळीत हंगामात साखर कारखान्यात थोड्याच तासांचा शटडाउन मिळणार असेल, तर टेबलावरचा अर्धा दिवस सोडू नका.