रास्पबेरी पायच्या पिना कशाने चालवू? आधी लाईट जाऊन आल्यावर काय होतं ते बघा

चवथीला महिना राहिलाय आणि पेडण्याच्या माझ्या आतेभावाला देखाव्यातला उंदीर मान हलवणारा हवाय, त्याच्या मित्राला घरावरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायला हवाय. दोघांकडे रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर आहे आणि दोघांचा प्रश्न एकच, त्याच्या जीपीआयओ पिना, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिना, इनपुट-आउटपुट करायला वापरायचं काय, कारण नेटवर दहा जण दहा वाटा दाखवतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, कोड किती सुटसुटीत दिसतो ते नंतर बघा, लाईट जाऊन आली किंवा स्क्रिप्ट मध्येच मेली तर पिन कुठल्या अवस्थेत राहते ते आधी बघा. आपल्याकडे जून-जुलैत हा प्रश्न कागदावरचा नसतो.

सगळ्यात जुनी वाट म्हणजे पायथन भाषेतली आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. ट्युटोरियल ढिगाने आहेत, मीही यावरच शिकलो, आणि मामाच्या सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पहिला पंप यावरच लावला. रिले, म्हणजे पिनवरून चालणारा विजेचा स्विच, बाजारात सर्रास मिळतो तसला, म्हणजे पिन लो (० व्होल्ट) केली की चालू, हाय (३.३ व्होल्ट) केली की बंद. मी कोडमध्ये १७ नंबरची पिन नुसती आउट म्हणजे आउटपुट म्हणून सेट केली, सुरुवातीची व्हॅल्यू दिलीच नाही. मे महिना, वळवाचा पाऊस, रात्री तीनला लाईट गेली आणि आली, पाय परत उठला, स्क्रिप्ट सुरू झाली, पिन आउट झाली ती लो, रिले टक् करून चालू. पुढच्याच ओळीत मोबाईलवर मेसेज पाठवायचा होता, पण राउटर अजून उठलाच नव्हता त्यामुळे तिथे एरर येऊन स्क्रिप्ट मेली आणि पिन तशीच लोवर राहिली, कारण ही लायब्ररी सरळ चिपच्या रजिस्टरमध्ये लिहिते आणि तुम्ही क्लीनअप केलं नाही तर मागे काही आवरत नाही. टाकी भरून पाणी जिन्यावरून खाली, आणि मामीने टाकीच्या आडोशाला झाकून ठेवलेली सोलांची सुपं भिजली. सकाळी मामांचा फोन, "रे, हो पंप कोणें चालू केलो?"

आता यात लायब्ररीची चूक नव्हतीच, सेट करतानाच इनिशियल हाय दिलं असतं आणि मेसेजची ओळ ट्रायमध्ये, म्हणजे एरर आली तरी स्क्रिप्ट पुढे चालेल अशी, टाकली असती तर काही झालं नसतं. पण नवीन माणसाला हे कोण सांगणार. आणि दुसरी मोठी अडचण, पाय ५ वर ही लायब्ररी चालतच नाही, कारण २०२३ मध्ये आलेल्या त्या बोर्डात पिना मुख्य प्रोसेसरकडे नाहीत तर आरपी-१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या. जुना कोड तसाच चालवायचा असेल तर आरपीआय-एलजीपीआयओ म्हणून बदली लायब्ररी आहे, पण नवीन काम यावर सुरू करू नका.

दुसरी पायथन लायब्ररी जीपीआयओ-झीरो, ही माझी नेहमीची शिफारस, पाय ओएसच्या डेस्कटॉप आवृत्तीत आधीच असते, स्क्रिप्ट संपली की पिन परत इनपुट करून सोडते म्हणजे मरताना हात सोडते. अर्थात लाईटच गेली तर ती काय करणार, ते पुढे येतंय. रिलेसाठी आउटपुट-डिव्हाइस घेऊन अॅक्टिव्ह-हाय फॉल्स द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर इथेही सुरुवातीला लोच जाते आणि तोच टक् आवाज. अजून एक गंमत, बटनाचा बाऊन्स टाईम, म्हणजे एकदा दाबल्यावर पुढचे झटके किती वेळ मोजायचे नाहीत तो आकडा, जुन्या लायब्ररीत मिलिसेकंदात असतो आणि इथे सेकंदात. माझ्या एका मित्राने जुन्या कोडमधला २०० आकडा तसाच उचलून टाकला आणि दोन दिवस फ्लोट स्विच (टाकीतली पाण्याची पातळी सांगणारा स्विच) बदलत बसला, हवं होतं ०.२. नंबरचंही तेच, इथे साधा आकडा दिला की तो चिपने त्या पिनला दिलेला नंबर धरतात, म्हणजे १७ म्हटलं की हेडरवरची, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत मोजून, ११ नंबरची पिन. मोजून १७ वर वायर लावाल तर तिथे ३.३ व्होल्टची सप्लाय आहे.

तिसरी वाट लिब-जीपीआयओडी, म्हणजे पायवर चालणाऱ्या लिनक्सची आजची अधिकृत पद्धत, पूर्वीची सिसएफएसवाली, म्हणजे फाईलींत लिहून पिन हलवायची पद्धत आता कालबाह्य धरतात. टर्मिनलवर जीपीआयओ-इन्फो मारलं की कुठली लाईन, म्हणजे पिन, कोणत्या प्रोग्रामने धरलीय ते दिसतं, तपासायला एकदम भारी, आणि दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावरही चालतं. पण पिन हाय-लो करणारी जीपीआयओ-सेट कमांड संपली की पिन त्याच अवस्थेत राहील अशी हमी नाही, म्हणून पंप यावर चालवायचा तर प्रोग्राम सतत जिवंत ठेवावा लागतो. शिवाय आवृत्ती १ आणि २ च्या कमांडी वेगळ्या, पाय ५ वर पिना सांभाळणाऱ्या चिपचा कमांडीत द्यायचा नंबर सुरुवातीला ४ होता तो नंतरच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ० झाला, त्यामुळे जुना लेख बघून टाईप केलं की डोकं फिरतं. पायथनमध्ये रमणाऱ्याने याच्या वाटेला जायची घाई नको.

चौथी गोष्ट लायब्ररी नाहीच, कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाईलमध्ये जीपीआयओ म्हणून एक ओळ टाकायची, १७ आउटपुट आणि हाय. लिनक्स सुरू व्हायच्याही आधी फर्मवेअर, म्हणजे बोर्ड उठवणारा प्रोग्राम, ते करून टाकतं. कोणी फारसं सांगत नाही पण लाईट येण्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. फक्त पॉवर आल्यापासून ही ओळ लागू होईपर्यंत काही सेकंद जातातच, तेवढ्या वेळात पिन आपल्या मूळ स्वभावावर असते. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर ० ते ८ नंबरच्या पिना सुरुवातीला आतून वर, म्हणजे हायकडे, ओढलेल्या असतात आणि ९ पासून पुढच्या खाली, लोकडे. म्हणून लो वर चालू होणारा रिले मी आता ५ किंवा ६ वर लावतो, १७ वर नाही. मामाकडे सध्या हेच आहे, ५ नंबर, कॉन्फिगमध्ये ओळ, वर जीपीआयओ-झीरो. त्यानंतर लाईट किती वेळा गेली असेल देव जाणे, पंप स्वतःहून एकदाही उठलेला नाही.

रिले बंदच होत नसेल तर कोडला शिव्या देण्याआधी सप्लाय बघा. मॉड्यूल ५ व्होल्टवर आणि पायचा हाय ३.३, मधल्या फरकात आतला एलईडी अर्धवट पेटत राहतो. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी लिहिलेला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो काढून कॉइलला ५ आणि इनपुटच्या बाजूला ३.३ द्या. आणि ५ व्होल्ट उलट पिनमध्ये कधी घालू नका, अंतर मोजायच्या अल्ट्रासोनिक सेन्सरच्या इको वायरने माझी एक पिन अशीच गेली, व्होल्टेज उतरवणारे दोन रेझिस्टर लावायचा कंटाळा केला म्हणून. पंपाची मोटर या छोट्या रिलेवर थेट नको, रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा मोठा स्विच, ओढायचा, आणि ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडून.

फ्लोट स्विचची वायर टाकीपासून खोलीपर्यंत लांब असेल तर पायचा आतला पुल-अप, म्हणजे पिन हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर, त्याला कमी पडतो, साधारण ५० किलो-ओहमचा असतो, विजा चमकल्या की खोटे सिग्नल येतात. बाहेरून ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर पिनपासून ३.३ व्होल्टला लावा, कुठलीही लायब्ररी घ्या, हे लागणारच.

राहिला उंदीर. सर्व्होला, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरला, सॉफ्टवेअरचा पल्स दिला की मान हलत नाही, थरथरते, हिवताप आल्यासारखी. तिथे पीआय-जीपीआयओ ही आणखी एक लायब्ररी घ्या, तो पल्सचं टायमिंग चिपकडून करून घेतो आणि जीपीआयओ-झीरोच्या खालीही बसतो, कोड बदलावा लागत नाही, फक्त जीपीआयओ-झीरोला हाच वापर म्हणून सांगावं लागतं आणि त्याचा डेमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, आधी चालू हवा. पण तोही पाय ५ वर चालत नाही. आतेभावाकडे पाय ३ आहे, तेव्हा त्याचं काम झालं, त्याच्या मित्राकडे ५ आहे पण त्याला मान हलवायची नाहीये, जीपीआयओ-झीरो आणि कॉन्फिगची ओळ एवढंच पुरे. फक्त वर सांगितलेला ० ते ८ चा हिशोब त्या बोर्डावर गृहीत धरू नको म्हटलं, रिले जोडून, पंप न जोडता, चार वेळा प्लग काढून घालून बघ आणि टक् ऐकू येतो का ते कान देऊन ऐक.