मंगल काढणारी स्क्रिप्ट: गणपतीपासूनचा अनुभव, आणि ‘ल’वरून झालेला वाद

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधले नको असलेले फॉन्ट एका फटक्यात बदलणारी एक छोटी जेएसएक्स स्क्रिप्ट (इनडिझाइनला कामं सांगणारी फाइल) मी गेल्या गणपतीपासून वापरतेय. आमच्याच धंद्यातल्या एका मुलाने लिहिलेली, फुकट. ठाण्याच्या नौपाड्यात बसून चरित्रं, दिवाळी अंक आणि सोसायट्यांच्या स्मरणिका लावायच्या म्हणजे हे काम रोजचंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. मजकूर वर्डमधून येतो. लेखकाने फॉन्ट निवडलेलाही नसतो. वर्डच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल हा फॉन्ट नेमलेला असतो, तो आपोआप लागतो. मजकूर आत घेतानाच सगळं फॉर्मॅटिंग गाळावं, तर लेखकाने तिरपी केलेली पुस्तकांची नावं आणि ठळक केलेले शब्दही जातात. त्यामुळे मंगल येऊ द्यायचा आणि मग काढायचा. मंगलवर माझा राग नाही. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो पडद्यावर वाचण्यासाठी घडवला आणि तिथे तो आजही छान वाचता येतो. पण नोटो फॉन्टमध्ये लावलेल्या पानात मधेच मंगलच्या दोन ओळी आल्या की पान बिघडतं.

मेनूतला ‘फाइंड-रिप्लेस फॉन्ट’ एका वेळी एकच फाइल बघतो. पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत असलं की तोच खेळ प्रत्येक फाइलीत. ‘फाइंड-चेंज’ सगळ्या उघड्या फाइलींत फिरतो, पण स्टाइलच्या, म्हणजे फॉन्ट-आकार एकदाच ठरवून ठेवलेल्या साच्याच्या, व्याख्येला हात लावत नाही. मग स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह येतं आणि नवा परिच्छेद टाइप केला की मंगल पुन्हा हजर. स्क्रिप्ट दोन्ही करते: आधी परिच्छेदांच्या आणि अक्षरांच्या स्टाइली, मग मजकूर, तळटीपा, मास्टर पानं आणि लपवलेले लेअरसुद्धा. पूर्वी ज्यात अख्खी दुपार जायची ते चहा होईपर्यंत उरकतं. शिवाय सगळी धाव एकाच अनडूत परत घेता येते, ही सोय त्या मुलाने विचारपूर्वक ठेवली आहे. एक खोच लक्षात ठेवा. स्क्रिप्टमध्ये फॉन्टचं नाव लिहिताना कुटुंबाचं नाव आणि वळणाचं (साधं, ठळक, तिरपं) नाव यांच्यात टॅब लागतो, स्पेस चालत नाही. स्पेस दिली तर फॉन्ट सापडतच नाही.

दिवाळी अंक होईपर्यंत मी भेटेल त्याला ही स्क्रिप्ट वापरा म्हणून सांगत होते. नंतर एक चरित्र लावायला घेतलं आणि मत बदललं.

आमची मुद्रितं एक निवृत्त शिक्षिका तपासतात. पहिलं मुद्रित बघून बाई म्हणाल्या, “अगं, एका पानावर दोन जातीचे ल कसे गं?” बघितलं तर खरंच. वरच्या परिच्छेदातल्या ‘कल्याण’मध्ये आपला पाकळीचा ल आणि खालच्या ‘लहानपण’मध्ये उभ्या दंडाचा, हिंदी पुस्तकांत असतो तसा. श चंही तेच. फॉन्ट दोन्हीकडे नोटोच! कारण असं की नोटो सॅन्स देवनागरीत दोन्ही रूपं आहेत, आणि कोणतं दाखवायचं हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. भाषा मराठी असेल तर पाकळीचा, नाहीतर दंडाचा. मी टाइप केलेल्या भागाची भाषा मराठी होती, लेखकाकडून आलेल्या भागाची हिंदीच राहिली होती. स्क्रिप्टने फॉन्ट बदलला, भाषा तशीच सोडली.

हे मी त्या मुलाला कळवलं. तो म्हणाला, “ताई, वाचता येतंय ना? फॉन्ट बदलायचा होता, तो बदलला.” यावर आमचं बरेच दिवस वाजलं, आणि माझं म्हणणं आजही तेच आहे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं आहेत. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात आणि पुन्हा २०२२ मध्ये तीच ठरवून दिली आहेत. ज्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालतं, तिथला वाचक ल बघतो. मराठी पुस्तकात मराठी ल नसेल तर फॉन्ट बदलण्याच्या वेगाचं मला काही कौतुक नाही.

शेवटी त्याने भाषा मराठी करणाऱ्या ओळी घातल्या, एक मजकुरासाठी आणि एक स्टाइलींसाठी. तेव्हापासून पुन्हा मी हीच स्क्रिप्ट वापरतेय आणि आता मनापासून. जुनी प्रत कोणाकडे असेल तर ती टाकून नवी घ्या. भाषेच्या भानगडीत पडायचंच नसेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ लावा, त्यात मराठी रूपंच मुळात बसवलेली आहेत. मात्र त्यात साधं आणि तिरपं एवढीच वळणं आहेत, ठळक नाही, त्यामुळे मथळ्यांना दुसरा फॉन्ट शोधावा लागतो.

बुलेट अजून राहिले आहेत. स्टाइलमध्ये बुलेटचा फॉन्ट वेगळा नोंदलेला असतो आणि स्क्रिप्ट तिथे पोचत नाही. सगळं बदलून झालं तरी फॉन्टच्या यादीत मंगल किंवा सिम्बॉल रेंगाळतो आणि वागळे इस्टेटमधल्या प्रेसवरून फोन येतो. ते मी हातानेच करते. फॉन्ट बदलल्यावर मजकूर सरकतो, तेव्हा अनुक्रमणिका पुन्हा अपडेट करायला विसरू नका.

आणि श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फाइलींवर ही स्क्रिप्ट अजिबात चालवू नका. तिथे अक्षरं युनिकोडची नाहीत, फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांचा कचरा समोर येतो. आधी कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’सारखे शब्द डोळ्यांनी तपासा, इनडिझाइनचा कंपोझर (ओळी जुळवणारी सेटिंग) वर्ल्ड-रेडी, म्हणजे देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवणारा, आहे का बघा, आणि मगच स्क्रिप्टवर डबल क्लिक करा.