आठ सीट, एक टाकी आणि आत्याचा पट्टा : हायक्रॉस हायब्रीडचे अकरा महिने

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमचं गुळाच्या अडतीचं दुकान आहे, त्यामुळं वहीत मांडल्याशिवाय मला कुठलाच आकडा पटत नाही. गाडीच्या मीटरवर दिसतं ते ॲव्हरेज मी धरत नाही. टाकी फुल्ल करायची, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं, परत त्याच पंपावर येऊन तसंच भरायचं आणि भागायचं.

गाडी टोयोटाची, इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, आठ सीटची. कागदावर लिटरला 23.24 किलोमीटर. तो आकडा प्रयोगशाळेतला, त्यामुळं तेवढं मिळेल अशी आशा मी धरलीच नव्हती. आधीची जुनी डिझेल गाडी घर भरून निघालो की बाराच्या वर जायची नाही.

पहिली मोठी फेरी मालवणची, सात माणसं, एसी चालू. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायला लागलो की पेट्रोल इंजिन बंद पडतं आणि उतारावरच बॅटरी भरत जाते. ती काठोकाठ भरली की इंजिन एकाएकी घूंऽ करून फिरायला लागतं. पहिल्यांदा मी घाबरून गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून बघत बसलो! नंतर कळलं, बॅटरीत जागा उरली नाही की गाडी आवरायला ते नुसतंच फिरतं, पेट्रोल न जाळता. येताना चढाला मात्र चार-सहा वळणांत बॅटरी खाली बसते आणि पुढं सगळा भार इंजिनवर. तरी जाऊन-येऊन 318 किलोमीटरला 18.2 लिटर, म्हणजे साडेसतरा. घाट धरून. लईच झालं.

पुण्याला उलटं झालं. जिथं रस्ता मोकळा मिळाला तिथं शंभर-एकशे दहानं पळवली, तर 472 किलोमीटरला 29.9 लिटर. पंधरा पॉइंट आठ. ब्रेक मारला की बॅटरी भरते. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग ती फुकटात भरणार कशानं? वर एवढ्या मोठ्या अंगाला वारा अडवतो तो वेगळाच. पुढच्या खेपेला पंच्याऐंशी धरून गेलो, तर साडेअठरा पडलं. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी बॅटरीवरच सरकते. आवाज नाही, त्यामुळं पुढच्या माणसाला पत्ता लागत नाही. तिथं जपून.

आता सेफ्टी. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या भारत एनकॅपनं 2025 मध्ये हिला पाच स्टार दिले, ही गोष्ट चांगलीच. पण त्या चाचणीत ताशी 64 किलोमीटरच्या वेगानं समोरून आदळवताना पुतळे कुठं बसवतात ते वाचा. पुढं दोन मोठे, मधल्या रांगेत दोन लहान मुलांचे. तिसऱ्या रांगेत कुणीच नाही. आणि आमच्यात तिथं बसते आत्या.

"अरं, मी काय पळून चाललोय व्हय? साडी चुरगळती."

"आत्या, पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार न्हाई."

कळंब्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. चालंल. डिकीतली बॅग ब्रेक लागल्यावर सीटच्या पाठीला कशी धडकते ते मी बघितलंय, आणि आत्या बॅगेपेक्षा वजनदार आहे.

सगळ्यात डोकं फिरलं ते सीट कव्हरवाल्यापायी. पुढच्या सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूनं, साइड एअरबॅग असते. तिथं तशी पट्टी शिवलेलीच आहे. त्या बहाद्दरानं जाड लेदरचं कव्हर घट्ट शिवून ती पट्टीच झाकून टाकली. एअरबॅग फुटणार कुठनं? वर भेट म्हणून दोन क्लिपा हातावर ठेवल्या, बेल्टच्या खाचेत खुपसायला, म्हणजे पट्टा न लावताही बझर वाजत नाही. असल्या क्लिपा ऑनलाइन विकू नयेत म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्येच मोठ्या कंपन्यांना आदेश दिलाय, आणि हा फुकट वाटतोय! पुढची दोन्ही कव्हरं मी त्याच्यासमोर उसवून घेतली. पैसे परत द्यायचं नाव नाही.

तिसरी रांग उभी असली की डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि एक पिशवी, बास. थोरला टपावर कॅरिअर बसवू म्हणून मागं लागलाय. ओझं डोक्यावर गेलं की गाडी वळणाला जास्त झुकणार, वाऱ्यानं ॲव्हरेजही पडणार. तोवर पाहुण्यांसाठी नेलेल्या गुळाच्या भेल्या मधल्यांच्या पायात.