एअर-फ्युएल सेन्सर ‘बदलला’, २१,७०० गेले आणि दोष निघाला होसमध्ये

आकडे आधी. ‘ओरिजिनल’ एअर-फ्युएल सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) १३,५००, मजुरी १,५००, ‘ईसीयू कोडिंग’ (ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) २,५००. चार दिवसांनी चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला तेव्हा ‘थ्रॉटल बॉडी आणि कॅट वॉश’ (हवेची झडप आणि एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुणं) ४,२००. एकूण २१,७००. पुण्यातलं गॅरेज, नाव लिहीत नाही. बिल वहीच्या कागदावर, कच्चं. दुसऱ्या मेकॅनिककडे खरा दोष सापडला, तो २६० रुपयांच्या रबरी होसमध्ये.

गाडी २०१२ ची, १.८ लिटर पेट्रोल. स्कॅनरवर दोषाचा कोड एकच, पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हा कोड सेन्सरचा नाहीच. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे, एवढी चहाडी सेन्सर करतो आणि आपण त्यालाच काढून टाकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. सेन्सर खरोखर गेला तर त्याच्या आतल्या हीटर सर्किटचे पी००३१ किंवा पी०१३५ असे कोड येतात, सिग्नल लीनवर अडकला तर पी२१९५, रिचवर (पेट्रोल जास्त) अडकला तर पी२१९६. त्यातही एकटा पी२१९५ पुरावा मानू नका; हवा खरंच जास्त शिरत असली तरी तो येतो.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कपाळावर हात जातो. स्कॅनरचा पडदा माझ्यासमोर धरला होता. सेन्सरच्या सरळ रेषेवर बोट ठेवून गॅरेजवाले म्हणाले, “बघा सर, हलतच नाही. मेलाय.” जुन्या प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचतो, म्हणून सरळ रेषा म्हणजे मेलेला सेन्सर हे पटलं. पण एअर-फ्युएल सेन्सर नाचत नसतो! इंजिन गरम, चाल स्थिर, तेव्हा रेषा जवळपास सरळ असणं हेच त्याच्या तब्येतीचं लक्षण. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरवर ती ३.३ व्होल्टच्या आसपास दिसते, ३.० च्या खाली रिच, ३.३५ च्या वर लीन.

त्याच पडद्यावर वरच्या ओळीत खरं उत्तर लिहिलेलं होतं. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. आयडलला (गाडी उभी, रेस न देता) लाँग टर्म, म्हणजे शिकून ठेवलेली, ट्रिम +१९, शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाची, +६. रेस देऊन २,५०० आरपीएमवर नेलं की दोन्हींची बेरीज +४. आयडलला ट्रिम जास्त आणि रेसवर खाली, हे थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, चोरून हवा शिरण्याचं लक्षण. फ्युएल पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलट झालं असतं, लोड वाढला की ट्रिम चढली असती. हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं गाडी स्वतः बघणारा माणूस मी. पण ऑफिसला उशीर होत होता, गाडी लिफ्टवर होती, आणि समोरचा इतक्या ठामपणे बोलत होता की कोणीही मान डोलावली असती. निदान मी तरी असं स्वतःला समजावतो.

वर त्यांनी ई२० ची (२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची) फोडणी दिली. “नवीन पेट्रोलने सेन्सर उडतात.” इथेनॉलमुळे जुन्या गाडीची ट्रिम काही टक्के वर जाते हे खरं, पण ती सगळ्याच आरपीएमला जाते. फक्त आयडलला +२५ दाखवत नाही.

सेन्सर जिवंत आहे का हे दोन मिनिटांत कळतं. एखादा छोटा व्हॅक्यूम होस काढा, वाचन लगेच लीनकडे गेलं पाहिजे. झटक्यात रेस द्या, क्षणभर रिच. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्शन बंद होतं आणि वाचन एकदम लीनच्या टोकाला जातं. तिन्ही वेळा हलला तर सेन्सर ठीक. मल्टीमीटरने सिग्नलचं व्होल्टेज मोजायला जाऊ नका. दोन तारांमधला फरक ईसीयू पक्का धरून ठेवतो, बदलतो तो मिलिअँपिअरमधला करंट. मल्टीमीटर हीटरला लावा. डेन्सोच्या चार तारांच्या अशा सेन्सरला थंड असताना साधारण १.८ ते ३.४ ओम यायला हवेत. आणि सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गॅसकेट फुंकत नाही ना, तेही बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खोटं लीन दिसतं.

दुसऱ्या मेकॅनिकने पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनमधली वाफ परत आत ओढणाऱ्या झडपेचा) होस पकडीने दाबला आणि शॉर्ट टर्म +६ वरून धाडकन −१७ वर आली. लाँग टर्म शिकलेलीच होती ना, हवा बंद झाल्यावर पेट्रोल जास्त झालं. चीर वळणाच्या खालच्या बाजूला, वरून दिसणारच नाही अशी.

मग त्याने टॉर्च मारून ‘नवा’ सेन्सर दाखवला. पाना बसतो त्या षटकोनावर जुना गंज, पान्याची एक खूण नाही, वायरच्या स्लीव्हवर वर्षांची धूळ. बदललाच नव्हता! बॅटरी काढून कोड पुसला, एवढंच ‘कोडिंग’. या सेन्सरला कोडिंग लागतच नाही. दिवा गेला म्हणून पैसे देऊ नका, स्कॅनरवर मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) ‘रेडी’ आहेत का ते विचारा. नुकताच कोड पुसला असेल तर ते ‘नॉट रेडी’ दिसतात.

जुना सेन्सर म्हणून पिशवीत दिला होता तो पाच तारांचा. माझ्या गाडीच्या कनेक्टरला चारच.

ती पिशवी घेऊन चौकीत गेलो. “तारा चार की पाच, आम्हाला काय कळणार? दिवाणी मामला आहे.” आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. फोनवरच्या तक्रार केंद्राने नंबर दिला, आठ दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. काय निकाली? कोणाला विचारून? पुन्हा फोन केला तर म्हणे पक्कं बिल जोडा. पक्कं बिल असतं तर रडलो कशाला असतो! चौकीत परत गेलो तर आधीचे साहेब रजेवर आणि नवे म्हणतात आरटीओत जा. गॅरेजवाले आता फोनच उचलत नाहीत.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत २ वर्षांची. अर्ज तयार आहे. सोबत यूपीआयच्या पावत्या, गंजलेल्या षटकोनाचे फोटो आणि तो पाच तारांचा सेन्सर.