‘एचडी म्हणजे एचडी, वहिनी’

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कुणीतरी अमेरिकेतून आणलेला ब्लू-रे प्लेअर, म्हणजे एचडी (हाय-डेफिनिशन, डीव्हीडीहून कितीतरी स्पष्ट) चित्राच्या डिस्क चालवणारं यंत्र, विकायला काढला होता. खोक्यासकट, सीलबंद, ‘स्टॉक क्लिअरन्स’, आणि किंमत मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी. खाली तिचा प्रश्न : ‘मामी, घेऊ का?’ तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. असाच अमेरिकेतून आलेला, पण वेगळ्या जातीचा एक प्लेअर २००८ साली आम्ही नाशकात घेतला होता. साडेअकरा हजार रुपये गेले, आणि पैशांखेरीज जे गेलं त्याची हळहळ अजून संपलेली नाही.

२००७च्या दिवाळीत ह्यांना सातपूरच्या कंपनीत बरा बोनस मिळाला आणि घरात ३२ इंची एलसीडी टीव्ही आला. पण केबलचं चित्र त्यावर धूसर दिसायचं. जुन्या डीव्हीडी प्लेअरचंही तेच. शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, टीव्ही चांगला आहे हो बाई, त्याला खाद्य चांगलं द्या, ब्लू-रे घ्या. त्यामुळे गुढीपाडव्याला मुहूर्ताची खरेदी म्हणून आम्ही दोघं शालिमारच्या पुढे एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. टीव्ही त्याच्याकडूनच घेतलेला होता, त्यामुळे ओळख होती, विश्वासही होता.

मी ब्लू-रेच मागितला होता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तो म्हणाला, ब्लू-रे घ्यायचा तर तीस हजारांची तयारी ठेवा. मग आतून एक मोठं काळं यंत्र आणून काउंटरवर ठेवलं. ‘हा एचडी डीव्हीडी. काम तेच. एचडी म्हणजे एचडी, वहिनी. दोघांचं पिक्चर शेजारी शेजारी लावा, फरक ओळखून दाखवा.’ ह्यांनी विचारलं, मग हा इतका स्वस्त कसा? त्यावर तो म्हणाला, ‘साहेब, दिवाळीत हाच बावीसला विकला. बाहेर भाव रोज उतरतोय, आपण थेट माल उचलतो, म्हणून तुम्हाला साडेअकरात. पुढच्या महिन्यात मिळेल याची गॅरंटी नाही.’

त्याने त्याच्याकडची एक डिस्क टाकून दाखवली. समुद्राच्या तळाचा माहितीपट होता. माशाच्या अंगावरचा एकेक खवला मोजता यावा असं चित्र. खोटं कशाला सांगू, मी भारावून गेले. यंत्र नादुरुस्त नव्हतंच. पण डिस्क त्याची, टीव्ही त्याचा, जोडणी त्याची. आपण घरून आपल्या चार डिस्क घेऊन जावं आणि त्या तिथे लावून बघाव्यात, हे त्या दिवशी सुचलं नाही.

दोन गोष्टी आणखी घडल्या. बिल मागितलं तेव्हा तो म्हणाला, पक्कं बिल हवं तर साडेबारा टक्के व्हॅट वर द्यावा लागेल, म्हणजे चौदाशेच्या पुढे. आम्ही कच्च्या पावतीवर समाधान मानलं. आणि आमचा जुना डीव्हीडी प्लेअर त्याने एक्स्चेंजमध्ये पाचशे रुपयांना घेतला. तो आम्ही पिशवीत घालून बरोबरच नेला होता. या दुसऱ्या गोष्टीचं दुःख मला पहिलीपेक्षा जास्त आहे.

आमच्याकडे अण्णा होते, माझे सासरे. त्यांच्याकडे दोन पुठ्ठ्याच्या पेट्या भरून व्हीसीडी, म्हणजे चित्र उतरवलेल्या सीडी, होत्या. संगीत नाटकं, कीर्तनं, धाकट्या दिराच्या लग्नाची कॅसेटवरून करून घेतलेली सीडी. त्या लग्नात सासूबाई होत्या. पुढे दोनच वर्षांत त्या गेल्या. त्यांचं चालतं-बोलतं असं घरात तेवढंच होतं, आणि अण्णा दर पाडव्याला ती सीडी लावायचे. त्या संध्याकाळीही ते धुतलेला सदरा घालून खुर्ची पुढे ओढून बसले.

प्लेअरबरोबर दुकानदाराने एक ट्रान्सफॉर्मर दिला होता, विटेएवढा, जड. यंत्र अमेरिकेतलं, १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर जळालं असतं. तो ट्रान्सफॉर्मर एकसारखा गुणगुणत राहायचा. लग्नाची सीडी टाकली. आत फिरल्याचा आवाज आला, थांबला, पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की ही डिस्क चालवता येत नाही. पुसून पुन्हा टाकली. पुन्हा तेच. नाटकाची टाकली, तेच. एका हिंदी सिनेमाची डीव्हीडी मात्र छान चालली, त्यामुळे आम्ही आणखीनच गोंधळलो. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही डिस्क बदलत होतो. शेवटी अण्णा म्हणाले, ‘राहू दे गं, उद्या जुन्यावर लावू.’ जुना दुकानात देऊन आलोय, हे त्यांना सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, तुमच्या सीडी घासलेल्या आहेत, मशीन हायफाय आहे, ते असला माल घेत नाही. जुना प्लेअर परत मागितला, तर तो त्याच संध्याकाळी विकला गेला होता. दिराने मुंबईहून ओळखीतून एक ब्लू-रे डिस्क आणली, एचडी म्हणजे एचडी म्हणाला होता ना तो! तीही चालली नाही.

मग अशोकस्तंभाजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे यंत्र नेलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. उलटं करून मागची बाजू उजेडात धरली. तिथे दुकानाचा किमतीचा स्टिकर चिकटवलेला होता. काकांनी तो नखाने हळूहळू खरवडला. खाली छापील लेबल होतं : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि शेजारी पृथ्वीच्या गोलाचं बोटाच्या पेराएवढं चित्र, त्यात आकडा १. ‘हे वाचलं असतं तर माझ्याकडे यायची वेळ आली नसती,’ ते म्हणाले.

तो १ म्हणजे अमेरिका-कॅनडाचा विभाग. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि भारत ५ मध्ये येतो. ५ आकडा असलेली डिस्क १च्या यंत्रात चालणार नाही. जी सर्व विभागांसाठी खुली असते ती चालते. आमची हिंदी सिनेमाची तशी होती. शिवाय टीव्हीच्या चित्राची पद्धतही वेगळी : आपल्याकडची पुष्कळ मराठी डीव्हीडी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, जवळजवळ ३० चित्रांची, म्हणून तिथेही अडचण. आणि व्हीसीडी हा प्रकार अमेरिकेत कधी रुजलाच नाही, त्यामुळे तिथल्या या यंत्राला ती ओळखायला शिकवलेलंच नव्हतं. त्या काळी मोझर बेअर कंपनीची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायची. घराघरात तोच माल होता, आणि नेमका तोच आमच्या घरात मुका झाला.

ब्लू-रे का चालली नाही हेही काकांनी कागदावर काढून दाखवलं. दोन्ही यंत्रांचा लेझर सारखाच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. पण डिस्क १.२ मिलिमीटर जाड. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर बरोबर मध्यावर, ०.६ मिलिमीटर खोल, जसं पोळीत पुरण. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, सायीखालच्या दुधासारखा. त्यामुळे भिंगच वेगळं लागतं. एका थरात एचडी डीव्हीडीत १५ जीबी मावतात, ब्लू-रेत २५. कितीही घासूनपुसून एकाची डिस्क दुसऱ्यात चालायची नाही.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझे हातपाय गार पडले. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे ही दोन वर्षांची लढाई तेव्हा संपलेली होती. ४ जानेवारी २००८ला वॉर्नर ब्रदर्सने आपण फक्त ब्लू-रेकडे जाणार असं जाहीर केलं. त्यानंतर तोशिबाने अमेरिकेत आपल्या प्लेअरच्या किमती धडाधड उतरवल्या, अगदी १५० डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सहा हजार रुपये. १९ फेब्रुवारीला तोशिबाने हा धंदाच सोडत असल्याचं आणि मार्चअखेर सगळं आवरत असल्याचं सांगितलं. कंपनीने उघड, तारीख देऊन सांगितलं होतं. आम्ही प्लेअर घेतला एप्रिलमध्ये. नवे सिनेमे त्यासाठी निघणार नव्हते. दुकानदाराने ‘भाव रोज उतरतोय’ म्हणून जी खुशखबर सांगितली, ती त्या यंत्राच्या मरणाची बातमी होती. त्याला माहीत होती, म्हणून तर तो माल संपवत होता.

पुन्हा दुकानात गेलो. तो म्हणाला, ‘वहिनी, स्वस्त तुम्हीच मागितलंत. अडीच हजार देतो, ठेवून जा.’ आम्ही ठेवून आलो नाही. ग्राहक पंचायतीत काम करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी पावती मागितली. मी दिली. ‘प्लेअर १ नग, ११,५००’ एवढंच. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, मॉडेल नाही, सही नाही. त्यांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, बाई, नोटीस पाठवू, पण याने सिद्ध काय करणार? नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. जिल्हा ग्राहक मंचात जायचं बळ आमच्यात उरलं नव्हतं. चौदाशे रुपये वाचवले त्याचं हे फळ.

भाचीला म्हणाले, आज कायदा तुझ्या बाजूने जास्त आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीसुद्धा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. पण कुणाकुणाकडून फोनवर घेतलेल्या वस्तूला यातलं काही लावायचं तरी आधी कागद हातात हवा.

आणि ब्लू-रेलाही आता तेच दिवस आले आहेत. २०१९मध्ये सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. जुना माल बाहेर निघतोय तो त्यामुळे. ब्लू-रेचे विभाग डीव्हीडीपेक्षा वेगळे : ए, बी, सी. अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, भारत सी. अमेरिकेचं यंत्र आपली सी डिस्क नाकारू शकतं. फोर-के, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या, डिस्कना विभागाचं बंधन नाही, त्यामुळे विकणारा फोर-के लावून दाखवतो आणि आपल्याला वाटतं सगळंच चालेल. त्याच यंत्रात साधी ब्लू-रे आणि डीव्हीडी टाकली की पुन्हा विभाग आडवा येतो. तो ‘ऑल रीजन’ म्हणाला तर बिलावर तसं लिहून माग, मॉडेल नंबरसकट. आणि घरच्या डिस्क घेऊन जा. आजी दिसते ती लग्नाची सीडी असेल तर तीच ने.

आमची लग्नाची सीडी पुढे काकांनीच संगणकावर उतरवून दिली, पण त्यात तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत अण्णांनी एकदाही टीव्हीसमोर खुर्ची ओढली नाही. पुढल्या पाडव्याला त्यांनी ती पाहिली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. काळा प्लेअर आणि ट्रान्सफॉर्मर माळ्यावर आहेत. स्टिकर खरवडल्याच्या खुणा अजून आहेत.

भाचीने विकणाऱ्याला मागच्या लेबलचा फोटो मागितला. दोन निळ्या खुणा आल्या. चार दिवस झाले, फोटो आलेला नाही.